आठ इंची सल्ला

चिखल या विषयात माझा अधिकार मोठा आहे. मी राहतो काशीगावात. पूर्वी पत्ता विचारला की ‘मीरा रोड’ म्हणून वेळ मारून न्यायचो. आता मेट्रो ९ वर स्टेशनच काशीगाव नावाचं झाल्यामुळे तीही सोय गेली. पावसाळ्यात आमच्याकडे कुठे पाय द्यावा, कुठे देऊ नये आणि फळी नेमकी कुठे टाकावी, हे मी नव्या भाडेकरूंना न विचारता सांगतो. फळी जितकी रुंद, तितका माणूस वर राहतो. या एका सिद्धांताच्या भांडवलावर मी कॅनडात जाऊन तज्ज्ञ झालो.

कॅनडात म्हणजे कॅल्गरीला, ताईकडे, आणि तेही जानेवारीत. “जानेवारीत कोण येतं रे?” असं ताई म्हणाली, पण तिकीट स्वस्त तेव्हाच होतं. भाच्याला स्नोमोबिलचं वेड. पुढे दोन स्की, मागे रबराचा एकच रुंद पट्टा, मधे इंजिन, त्यावर मुलगा आणि घरी देवापुढे बसलेली आई, असं हे वाहन. क्यूबेकमधल्या व्हालकूर गावच्या बोम्बार्दिए नावाच्या मेकॅनिकने १९३७ साली बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या पट्ट्याचं पेटंट घेतलं आणि १९५९ साली ‘स्की-डू’ बाजारात आणली. तेव्हापासून तिकडच्या आयांना हिवाळाभर झोप नाही.

भाचा तेव्हा पेचात होता. त्याच्या जुन्या स्की सहा इंच रुंद. ताज्या, भुसभुशीत बर्फात त्यांचं नाक खाली जायचं. रुंद घ्याव्यात तर किती? त्याच्या मनात सात होते. मी म्हटलं, “आठ घे. नऊ मिळत असतील तर नऊ.”

“मामा, तसं नसतं रे,” तो म्हणाला आणि समजावून सांगायला लागला. मशीनचं बरंचसं वजन मागच्या पट्ट्यावर असतं. स्कीचं खरं काम वळवणं. स्कीच्या तळाला मधोमध एक उभी धार असते, ती कील. तिच्याखाली कार्बाइड बसवलेली लोखंडी कांब. घट्ट दाबलेल्या ट्रेलवर हीच कांब बर्फाला चावते, तेव्हा कुठे मशीन वळतं. रुंद स्की खोल बर्फात झकास तरंगते, पण ट्रेलवर हँडल जड करते. कील चुकीची निघाली तर मशीन आधीच्या गाड्यांच्या चाकोरीत शिरतं आणि उजवीकडे-डावीकडे हिसके मारतं. मी मान डोलावली. गॅरेजवाला कार्बोरेटरबद्दल बोलतो तेव्हाही मी अशीच डोलावतो.

“हे सगळं खरं,” मी म्हटलं, “पण तू चिखल पाहिला नाहीस.”

आठ इंची आल्या. यात भाच्यापेक्षा ताईचा हात जास्त. “मामा एवढा लांबून आलाय, ऐक त्याचं,” असं ती म्हणाली. लांबून येण्याचा आणि स्कीच्या रुंदीचा संबंध काय, हे विचारायची त्या घरात पद्धत नाही.

बसवताना माझ्याकडे परंपरेने बॅटरी धरायचं काम आलं. स्की एका जाड बोल्टवर अडकवलेली असते आणि स्की नि दांड्याच्या मधे रबराचा एक ठोकळा बसतो. त्याने स्कीचं टोक वर राहतं. ठोकळ्याला पुढची बाजू आणि मागची बाजू असते. मी दिला तो उलटा. स्कीने नाक जमिनीकडे केलं. “नम्र आहे,” मी म्हटलं. भाचा हसला नाही. त्याने बोल्ट पुन्हा काढला आणि बॅटरी आपल्या बायकोकडे, म्हणजे आमच्या सूनबाईकडे, दिली.

नव्या स्की आजमवायला आम्ही रेव्हेलस्टोकच्या डोंगरात निघालो. कॅल्गरीहून चारशे किलोमीटर. वाटेत रॉजर्स पास लागतो. तिथे वर्षाला सरासरी दहा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. काशीमीरा नाक्यावर तेवढं पडलं तर घोडबंदरकडे वळायचं कुठे हेच कळणार नाही, असं मी गाडीत बोललो. दाद कुणी दिली नाही. सूनबाई हिमलोटात माणूस सापडावा म्हणून छातीशी बांधायचं यंत्र तपासत होती. फावडं, लांब काठी आणि हे यंत्र घेतल्याशिवाय ही मंडळी डोंगरात पाऊल टाकत नाहीत. मी मात्र ताईने दिलेले बेसनाचे लाडू सांभाळत होतो.

भाचा आधी खोल बर्फात शिरला. स्कीचं नाक शेवटपर्यंत वर. परत आला तेव्हा हेल्मेटच्या आत चेहरा उजळला होता. “मामा, मानलं!” हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं. तिथेच थांबलो असतो तर हा लेख वेगळा झाला असता, कदाचित थोडा तांत्रिकसुद्धा.

पण मग मला ट्रेलवर बसवलं. यंत्राने सपाट केलेला, रुंद, शहाण्या माणसांचा रस्ता. सवयीने मी उजवी मूठ स्कूटरसारखी पिळली. काही होईना. अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याखालच्या पट्टीत असतो. यातली मेख अशी की घाबरलेला माणूस मूठ आवळतो, मुठीबरोबर अंगठा दाबला जातो, मशीन पळतं, आणि माणूस आणखी घाबरतो. वळण आलं. मी हँडल फिरवलं. आठ इंची स्की वळल्या खऱ्या, पण मशीन सरळच गेलं. भाचा मागून ओरडत होता, “अंगठा काढ! अंगठा!” मला वाटलं, शाबासकीचा अंगठा दाखवतोय. हँडलवरचा हात सोडून मीही त्याला दाखवला, पण डावा. ब्रेक त्याच हाताखाली होता.

ट्रेल संपला, मऊ बर्फ लागला, इंजिनाने एक उसासा टाकला आणि सगळं थांबलं. सांगायला अभिमान वाटतो की मशीन वरच राहिलं. पुढून पाहिलं तर जाहिरातीला लावावं असं. रुंदीच्या बाबतीत माझा शब्द न् शब्द खरा ठरला होता. त्या आनंदात मी खाली उतरलो.

माझ्या बुटांचा नंबर आठ आहे, पण तो इंचांत नाही. मी कमरेपर्यंत गेलो. पाय उचलावा तर बूट खाली राहतो, हात टेकावा तर हात खांद्यापर्यंत आत. ट्रेलवरून जाणारा प्रत्येक जण थांबून ठीक आहे का विचारायचा. तिकडची ही रीत फार चांगली, फक्त प्रेक्षक वाढतात. “फळी आण!” मी भाच्याला ओरडून सांगितलं. तो फावडं घेऊन आला. माझ्याभोवतीचा बर्फ त्याने पायांनी दाबून घट्ट केला, एका बाजूला पायरी खणली आणि सूनबाईने मला जॅकेटच्या कॉलरला धरून वर काढलं. लाडू खिशात शाबूत होते. सगळ्यांना वाटले.

पुढच्या आठवड्यात भाच्याने सात इंची, खोल कीलच्या स्की आणल्या. आठ इंची विकायला काढल्या. बघायला एक पंजाबी मुलगा आला. भाचा त्याला प्रामाणिकपणे सांगायला लागला की ट्रेलवर हँडल थोडं जड लागतं. असल्या प्रामाणिकपणाने वस्तू विकल्या जात नाहीत, म्हणून मी मधे पडलो.

“गहरी बर्फ में तो एकदम मक्खन,” मी म्हटलं.

“आपने खुद चलाया है, अंकल?”

“कमर तक.”

त्याने घासाघीस न करता पैसे दिले. भाच्याने ते मोजून घेतले आणि मला आत चहा टाकायला पाठवलं.