नायक घडवण्याची खात्रीशीर पद्धत
(सोलापूरच्या भवानी पेठेतील होतकरू कादंबरीकारांसाठी)

नायक निवडला की आधी त्याचे काम काढून घ्यावे. भवानी पेठेत हे जरा जड जाते. इथे कोणी यंत्रमागावर उभा, कोणी विडीची पाने कातरत बसलेली, कोणी घरी तेलुगू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी बोलून दमलेला. असली माणसे नायकपदाला अपात्र. त्यांना मामा, शेजारीण, चहावाला म्हणून खपवावे. नायक तेवढा खिडकीत बसवावा.

आडनाव टाळावे. या पेठेत आडनाव कळले की घरची भाषा आणि धंदा अर्धाअधिक कळतो, आणि एवढा ओळखीचा झालेला नायक वाचकाला स्वतःच्या अंगावर चढवता येत नाही.

या शास्त्राला आपल्याकडे परंपरा आहे. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचे तंत्रच शिकवले. तेव्हाचा नायक देखणा, शिकलेला, प्रेमात पडायला मोकळा. पुढे कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर फडके-खांडेकरांचा वाद गाजला; नायकाने पोटासाठी काय करावे, हा मुद्दा तेवढा राहून गेला. १९६३ साली नेमाड्यांच्या ‘कोसला’तून पांडुरंग सांगवीकर आला आणि देखणी मंडळी एका रात्रीत म्हातारी झाली. मग त्याचे चुलतभाऊ निघाले : गावाहून पुण्याला आलेले, खोलीवर उताणे पडलेले, सगळ्याला विटलेले. सांगवीकराला सांगवी होती, बाप होता, मनीचे मरण होते. चुलतभावांनी कंटाळा तेवढा उचलला. तो वाहायला हलका.

आपणही तेच करावे. जकार्डच्या मागावर भोके पाडलेली कार्डे तीच ठेवली, तर सूत लाल घाला नाहीतर हिरवे, चादरीवर मोर तोच उतरतो. तेव्हा सूत बदलत राहावे. यंदा नायक आयटीत, पुढच्या खेपेला पत्रकार. चष्मा ऐच्छिक. पाऊस सक्तीचा, मग सोलापुरात पडो न पडो.

पंचविसाव्या पानाच्या आत त्याला हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून पुण्याला धाडावे. यात हयगय नको. तो इथेच रेंगाळला, तर एखाद्या दिवशी आईबरोबर विडी कारखान्यात जाईल. तिने वळलेल्या विड्या छाट म्हणून बाजूला पडताना बघेल, मोजणाऱ्याशी भांडेल, उद्या चार बायकांना घेऊन पुन्हा दारात उभा राहील. असा नायक दुसऱ्या कोणासारखा दिसत नाही आणि प्रकाशकाला पाठमजकूर लिहिता येत नाही. तसे झालेच, तर ते प्रकरण काढून टाकावे आणि आईला मुकाट्याने भाकरी थापायला बसवावे.