आहेराच्या पाकिटातल्या १००१ यांस खुले पत्र

श्री. १००१ यांस,
मु. पो. आहेराचे पाकीट

स.न.वि.वि.

नारायणगाव-मंचर भागात लग्नसराई सुरू झाली की आपला भाव वधारतो. दुकानातल्या पाकिटावर रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं. उरलेल्या हजाराची सोय आम्ही बघायची. यात्रेच्या वर्गणीच्या यादीतही आपण झळकता. का, तर वर एक असला की रक्कम तुटत नाही. लोक भोळे, आणि आपण किती निगरगट्ट!

आपलं घराणं दोन हजार वर्षांचं, हे कबूल. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा कोरलेली आहे: कुठे १००१ गाई, कुठे ११०१, कुठे १०,००१, शिवाय ६००१ कार्षापण नाणी. तिथे आपल्या अंगावर एकही शून्य नाही. हजाराची खूण, तिच्या शेजारी एक आडवी रेघ, की झालात १००१. सोमयागाच्या सोळा ऋत्विजांना या १००१ गाई सारख्या वाटायच्या म्हटल्या तर प्रत्येकी बासष्ट, आणि नऊ गाई हंबरत मागे. त्यामुळे आपण अभेद्य असल्याचा बोभाटा झाला असावा.

पण आपण म्हणजे दहाचा घन अधिक एकाचा घन. दोन घनांच्या बेरजेला त्या दोन संख्यांच्या बेरजेने भाग जातोच, हे शाळेतच घोकून घेतात. म्हणजे अकराने आपण फुटलात. उरले ९१, आपले साथीदार. तेही चेहऱ्यावरून मूळ संख्या वाटतात आणि निघतात सात गुणिले तेरा. बाकीची भावकीही तसलीच: ११०१ ला तीनने भाग जातो, ६००१ ला सतराने, १०,००१ ला त्र्याहत्तरने. ५०१ सुद्धा तीनने तुटतात. १०१, १५१ आणि २५१ या मात्र अस्सल मूळ संख्या. म्हणजे मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्या पाहुण्याचं पाकीट खरं, आणि व्यासपीठावर फोटो काढून दिलेलं आपलं खोटं!

एका करामतीला मात्र दाद देतो. कोणत्याही तीन अंकी संख्येला आपल्याने गुणलं की ती दोनदा शेजारी उभी राहते: ४१२ चे ४१२४१२. म्हणूनच सहा अंकी संख्येच्या शेवटच्या तीन अंकांतून पहिले तीन वजा केले की सात, अकरा, तेरा यांची एकदम झडती होते. जुन्नरचा पिनकोड ४१०५०२. वजाबाकी ९२, तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, जुन्नर सुटलं. चाकणचा ४१०५०१. वजाबाकी ९१, सात आणि तेरा दोघांच्याही तावडीत! ही गंमत शून्याच्या आणि स्थानिक किमतीच्या जिवावर चालते, नाणेघाटातल्या पाथरवटाला ती दिसणं शक्य नव्हतं. आपलं फुटणं मात्र तेव्हाही तेवढंच खरं होतं. तेरा जणांत वाटल्या असत्या तर प्रत्येकाला बरोबर ७७ गाई मिळाल्या असत्या.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या समस्त वऱ्हाडींना विनंती: न तुटणारा आहेरच करायचा असेल तर या गृहस्थांना पाकिटातून काढा आणि १००९ घाला. हजारानंतरची पहिली मूळ संख्या तीच आहे. खर्च फक्त आठ रुपये जादा.

कळावे,
आपला एक वऱ्हाडी