काकडी आणि कोयता

जपानमधला एक यूट्यूबर घरातल्या वस्तूंच्या सुऱ्या बनवतो. कधी अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, कधी पास्ता, कधी चक्क दूध! मग त्या सुरीनं काकडी कापून दाखवतो आणि जग तोंडात बोट घालतं.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ही विद्या जुनीच. फक्त तिला कुणी लाइक दिलं नाही. तुटक्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घ्या, एका टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळा, झाली कांद्याची सुरी. धार लावायला चहाच्या कपाचं उलटं बूड पुरतं. चाचणी पिकलेल्या टोमॅटोवर. साल नुसती दबली की सुरी नापास, पुन्हा कप उलटा.

मोठं काम कोयत्याचं; ते रस्त्याकडेला, पाथर्डी-शेवगावच्या बाजूला. ट्रकच्या कमानीचा पाटा भट्टीत लाल होतो. घिसाडी सांडशीनं तो फिरवतो, घिसाडीण घण घालते, शेवटी धारेला पाणी पाजतात. (रस्त्यांची कृपा अशी, की मोडक्या कमानींना तोटा नाही.) गिऱ्हाईक अंगठा आडवा फिरवतं आणि भाव पाडायला लागतं. काकडी कुणी आणत नाही. खरी परीक्षा दिवाळीनंतर, उसाच्या फडात.

तिथं पातं कुठलं आणि माणूस कुठला, हेही कळेनासं होतं. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा आला, तर अर्धा.