भिंती बदलणारी बाहुली

चंद्रपूर-गडचिरोलीकडे नोकरी म्हटली की बदली आलीच. कोळशाची खाण असो, वीज केंद्र असो की वनखातं, माणूस क्वार्टरात नाहीतर भाड्याच्या घरात. भिंत दुसऱ्याची, त्यामुळे खिळा ठोकायची चोरी आणि मालकाने दिलेला तो फिका पिस्ता रंग मुकाट सोसायचा. आमच्या भाचीच्या बाहुलीला मात्र तिच्या पुठ्ठ्याच्या घरात असला जाच नाही. पोळ्याला एक भिंत, दिवाळीला दुसरी.

ही किमया कापडाची. बल्लारपुरात एवढी मोठी कागदाची गिरणी असताना भिंतीला कापड कशाला, असं मीही विचारलं. पण डिंकाने डकवलेला कागद काढायला गेलं की पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊनच निघतो. कापडाला भाताची पातळ खळ पुरते. टेलरकडचं सुती कातरण भिंतीच्या मापाचं कापायचं, खळीत बुडवून पिळायचं आणि मधून कडेला बोटांनी दाबत न्यायचं, म्हणजे फुगे निघून जातात. वाळलं की टिच्च बसतं. कंटाळा आला की ओला फडका फिरवायचा, कोपरा सुटतो आणि अख्खी भिंत हातात येते. धुवा, इस्त्री करा, घडी घालून ठेवा. अट एकच: पुठ्ठ्याला आधी ऑइल पेंटचा हात हवा, नाहीतर भिंतीसोबत घरही भिजतं.

तांदूळ कुठला, यावर घरात दोन पक्ष आहेत. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला, त्या काळच्या मनगटी घड्याळाचं नाव मिळालेला एचएमटी आम्हाला ताटात प्रिय. शीत न् शीत मोकळं. म्हणूनच खळीला तो नको, असं ताईचं मत. चिकटायला रेशनचा जाडा बरा. मला हे पटतं. प्रत्येक गुणाला कुठेतरी नापास व्हावंच लागतं.

खरी परीक्षा नक्षीची. लुगड्याच्या पदरावरचा मोर आपल्याला शोभतो, पण बाहुलीच्या भिंतीवर तो पलंगापेक्षा मोठा होतो आणि ती बिचारी रात्रभर त्याच्या पायाशी झोपते. बारीक बुट्टी, बारीक चौकडा, एवढंच तिथे चालतं. भाचीला वाघाचं चित्र असलेलं कापड हवं होतं. ताडोबा शेजारी असल्यावर घरात वाघ काही अतिशयोक्ती नव्हे, पण बाहुलीचा विचार करून ते रद्द झालं. बैठकीला आरमोरीकडच्या कोशाचा तुकडा लागला. ऐनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचं ते मधाळ रेशीम, त्याला रंगाची गरजच नाही. खळ मात्र त्याच्या अंगी लवकर लागत नाही. दोनदा हात द्यावा लागला. खळीच्या वासाने येणारी कसर हा या वास्तुशास्त्रातला एकमेव दोष. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण खेळण्यात विष नको. त्यापेक्षा भिंती वरचेवर धुतलेल्या बऱ्या.

परवा मी आमच्याच हॉलच्या भिंतीला टेप लावला. बारा बाय दहा. हिशेब केला तर दोन साड्यांत भिंत आरामात बसत होती, आणि मालकाला कळायचंही कारण नव्हतं. बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "कुणाच्या साड्या?"