सर्व काही जैसे थे, कळावे

थायलंडच्या १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार तात्पुरत्या परवान्यावर सलग ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा असतो. पत्ता बदललेला नसला तरी हे चुकत नाही. ‘नवीन काही नाही’ ही बातमीही वेळेवर पोचावी लागते.

ती टपालानेही पाठवता येते. टीएम ४७ हा अर्ज, पासपोर्टवरील फोटो, व्हिसा, शेवटचा प्रवेशशिक्का व मुदतवाढ यांच्या छायाप्रती, मागची पावती आणि स्वतःचाच पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट, हे सगळे रजिस्टर पोस्टाने मुदतीच्या किमान १५ दिवस आधी रवाना करायचे. कार्यालयात स्वतः जाणाऱ्याला मुदतीनंतरही ७ दिवसांची सूट मिळते. पोस्टमनवर भरवसा ठेवणाऱ्याला ती नाही. नवी पावती त्याच पाकिटातून घरी येते. म्हणजे माणूस त्या पत्त्यावर राहतो, याची खातरजमा शेवटी पोस्टमनच करतो, तीही अर्जदाराच्या तिकिटावर.

देशाबाहेर जाऊन परतल्यास मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यामुळे सतत भटकणाऱ्याला काहीच कळवावे लागत नाही. घर न सोडणाऱ्याचा ठावठिकाणा मात्र सरकार वर्षातून चारदा विचारते. विसरल्यास साधारण २,००० बाट दंड. वेळेत कळवल्याने मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही. पावतीवर फक्त पुढची तारीख मिळते.