पिंजऱ्याची जाळी आणि अप्पांचा सुरा

फ्लोरिडात माणसं पैसे मोजून पिंजऱ्यात राहतात आणि मगरी मोकळ्या फिरतात.

या पिंजऱ्याला इथे ‘पूल केज’ म्हणतात. घरामागे पोहण्याचा तलाव, त्याच्या कडेने फरशी, आणि या सगळ्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटींचा उंच सांगाडा. चौकटींत फायबरग्लासची जाळी ताणून बसवलेली. डास येऊ नयेत, ओकची पानं पाण्यात पडू नयेत, सकाळी आपण पोहायला उतरावं तर आधीच कुणी चार पायांचं उतरलेलं नसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. ‘नो-सी-अम’ नावाची एक चिलटांची जात इथे आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळते. तिच्यासाठी आणखी बारीक विणीची जाळी मिळते. वीण जितकी बारीक तितका वारा जास्त अडतो, हे मात्र जाळी विकणारा सांगत नाही. त्याने तरी का सांगावं? त्याचं पुढच्या वर्षीचं काम त्यातूनच निघतं.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा इथला चक्रीवादळांचा हंगाम. म्हणजे श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र आणि दिवाळीसुद्धा त्यातच. २०२४ साली हेलीन पितृपक्षात आली, आणि तिने रस्त्याकडेला लावलेले ढीग उचलले जायच्या आत मिल्टन नवरात्रात दत्त म्हणून उभा!

नव्या माणसाला वाटतं, जाळीच ती, वारा आरपार जाईल. थोडा जातो, बाकीचा ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि जाळी भिजून तिच्यात पानं अडकली की तिची जवळजवळ भिंतच होते. हा रेटा जाळीकडून चौकटीवर, चौकटीकडून खांबावर आणि खांबाकडून तळाच्या इवल्याशा स्क्रूंवर येतो. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली वादळ पुंटा गोर्डा गावावरून गेलं तेव्हा त्या भागातले कितीतरी पिंजरे मोडून आपापल्या तलावात जाऊन बसले. नंतर नियम कडक झाले. पण जाणकारांचा सल्ला तोच राहिला: मोठं वादळ अंगावर येत असेल तर जाळी आधीच काढा, नाहीतर कापून टाका. जाळीचे पैसे जातील, सांगाडा उभा राहील.

ऐकायला सोपं आहे. पण धडधाकट, धुऊन-पुसून ठेवलेली, अजून हप्ते फिटायचे असलेली जाळी आपल्याच हाताने फाडायची, हे मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या रक्तात नाही. आमच्या घरात भेटवस्तूचा कागदसुद्धा चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवून घडी घालून ठेवतात.

मिल्टन आला तेव्हा अप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे होते. अप्पा दापोलीजवळच्या मुरुडचे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ने त्यांची पोफळीची बाग एका दुपारी झोपवली, तेव्हापासून वादळ या विषयावर त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. त्यांनी आमचा पिंजरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकच प्रश्न विचारला, “यात कोण कोणाला बघायला येतं?”

सोमवारी, ७ ऑक्टोबरला, मिल्टन मेक्सिकोच्या आखातात पाचव्या श्रेणीला पोहोचला. वाऱ्याचा वेग ताशी २९० किलोमीटर. आमचं घर टॅम्पाच्या पूर्वेला, सक्तीने घर सोडायला लावतात त्या पट्ट्याच्या बाहेर. त्यामुळे आम्ही घरीच, आणि नवरा टीव्हीसमोर. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचं मुख्य पत्रक दिवसातून चार वेळा निघतं: पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच, रात्री अकरा. आमच्याकडे आरतीच्या वेळा कधी इतक्या पाळल्या गेल्या नाहीत. प्रत्येक पत्रकागणिक नवऱ्याचा बेत बदले. वादळाचा डोळा आपल्या उत्तरेकडून गेला तर वारा पश्चिमेचा येणार, म्हणून पश्चिमेची जाळी काढायची. दक्षिणेकडून गेला तर वारा पूर्वेचा, म्हणून पूर्वेची. नकाशावर वेगवेगळ्या गणितांच्या रंगीत शेवया पसरलेल्या. एक शेवई आमच्या उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि एक तर बहुधा आमच्या स्वयंपाकघरातून.

“म्हणजे नक्की कुठून जाणार?” अप्पांनी विचारलं.

“तेच तर, बाबा. नकाशावरच्या या अंदाजाच्या पट्ट्यात मधोमध असेल असं नाही. तीनातल्या दोन वेळा डोळा या पट्ट्यात राहतो.”

“आणि तिसऱ्या वेळी?”

नवरा गप्प. अप्पांनी पानाचा डबा मिटला. “मग चारी बाजू काप. शेवया मोजत बसू नकोस.”

मधल्या काळात मी उरलेली कामं उरकत होते. बाहेरच्या खुर्च्या, कुंड्या, छत्री, सगळं आत. तुळस दिवाणखान्यात आली आणि सोफ्याशेजारी पाहुण्यासारखी अवघडून बसली. भाजायच्या शेगडीचा गॅसचा सिलेंडर मात्र घरात आणायचा नसतो. तो बाहेरच घट्ट बांधून ठेवला. पलीकडचे निवृत्त गृहस्थ आपल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकेक करून तलावात सोडत होते. इथे पुष्कळ लोक असं करतात, आणि तलावाची निगा राखणारे त्यांना दरवर्षी ‘करू नका, तळाचा गिलावा खरवडतो’ म्हणून सांगतात. पंपाची वीज खटका पाडून बंद केली, मोटर प्लास्टिकमध्ये गुंडाळली, पाण्यात नेहमीपेक्षा जास्त क्लोरीन टाकलं.

एवढ्यात पुण्याहून आत्यांचा फोन. वादळ फ्लोरिडात आहे एवढं त्यांना कळलेलं. मायामी ते पेन्साकोला हे रस्त्याने अंतर हजार किलोमीटरांहून जास्त आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. “अगं, तो तलाव आधी रिकामा करा. उगाच पाणी घरात यायचं.”

हा सल्ला प्रत्येक वादळाला कुणीतरी देतंच. इथे जमिनीखाली हातभर खणलं तरी पुष्कळ ठिकाणी पाणी लागतं. वादळी पावसात ते आणखी वर येतं आणि रिकाम्या तलावाला खालून उचलतं. सबंध काँक्रीटचा तलाव फरशी फोडून वर येऊ शकतो. तलाव जागेवर राहतो तो आतल्या पाण्याच्या वजनाने. आत्यांना हे पटेना. शेवटी अप्पांनी फोन घेतला. “भरतीला रिकामी होडी उचलते की नाही? तसंच आहे ते. ठेव फोन.” आत्यांनी होडीत कधी पाय ठेवलेला नाही, पण धाकट्या भावाचा आवाज चढला की त्या ऐकतात.

मंगळवारी जाळीला हात घातला. जाळी चौकटीच्या खाचेत एका काळ्या रबरी दोरीने दाबून बसवलेली असते. तिला स्प्लाइन म्हणतात. नवी असली तर स्क्रू ड्रायव्हरने टोक उचकलं की सर्रकन सबंध निघते. आमची उन्हाने वाळून कडक झालेली. बोटभर निघे आणि तुटे, पुन्हा उचका, पुन्हा बोटभर. जाळी वादळानंतर परत लावता येईल अशी नवऱ्याची आशा. म्हणून काढलेली प्रत्येक जाळी तो गुंडाळी करून, कागदाची पट्टी चिकटवून, ‘पू-२, खालची’ असं लिहून ठेवत होता. आभाळ दक्षिणेकडून भरून येत होतं आणि हा अक्षर सुवाच्य काढत होता.

अप्पांनी थोडा वेळ बघितलं. मग आत जाऊन खोकी कापायचा सुरा घेऊन आले आणि पुढच्या चौकटीत त्यांनी कडेकडेने सरळ चीर मारली. जाळी खाली पडली. नवऱ्याच्या तोंडून आवाज निघाला तो मी त्याच्या दाढेच्या वेळीच ऐकला होता.

“बाबा!”

“काय बाबा? आजीची पैठणी आहे का ही? निसर्गच्या आदल्या दिवशी पडवीची नवी झापं मी स्वतः सोडली. विणायला सबंध उन्हाळा गेला होता. झापं गेली, पडवी राहिली.” आणि दुसरी चीर.

मधोमध फुली मारून सोडायची पद्धतही आहे, पण तशी कापलेली फडकी वाऱ्यात फडफडत चौकटीला हिसके देत राहतात. अप्पांनी एकही फडकं ठेवलं नाही. छपराच्या जाळीला मात्र आम्ही हात लावला नाही. त्या आडव्या नळ्यांवर चढून बसलेला माणूस वादळाच्या आधीच खाली येतो.

मग अप्पा उकिडवे बसून खांबांचे तळ तपासू लागले. ॲल्युमिनियमच्या खांबात लोखंडी स्क्रू, वर खारी हवा आणि क्लोरीनचे शिंतोडे. दोन वेगळे धातू असे ओल्यात एकत्र आले की गंजायला वेळ लागत नाही; स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरट भुकटी आणि तांबूस ओघळ दिसू लागतात. अप्पांनी एका स्क्रूला नख लावलं. डोकं निघून त्यांच्या तळहातावर आलं. “हे बघ,” ते म्हणाले, “तू जाळीला नंबर देतोयस आणि पिंजरा श्रद्धेवर उभा आहे.”

बुधवारी रात्री मिल्टन तिसऱ्या श्रेणीचा होऊन सिएस्टा कीवर, म्हणजे आमच्या दक्षिणेला, धडकला. टॅम्पाच्या खाडीतलं पाणी वाऱ्याने उलट समुद्रात ओढून नेलं. वीज गेली, फोन तेवढा मधूनमधून चालत होता. त्यावरच सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं चित्र आलं. त्याचं घुमटाकार छप्पर फायबरग्लासच्या कापडाचं, वर टेफ्लॉनचा लेप. कापडाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि आतला सांगाडा उभाच्या उभा. अप्पांनी चष्मा लावून फोन लांब धरला. “यांनी कापलं नाही, म्हणून वाऱ्याने कापलं. काम तेच.”

सकाळी आमचा पिंजरा उभा होता. छपराच्या जाळीला दोन भोकं, बाकी सांगाडा सरळ. आणि पलीकडच्या गृहस्थांचा पिंजराही उभा होता, न कापलेल्या सगळ्या जाळीसकट, जणू काल रात्री काही झालंच नव्हतं. ते कॉफीचा कप घेऊन आतून हात हलवत होते. नवऱ्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा तुळशीला पाणी घालायला आत निघून गेले.

पुढचे कित्येक महिने आमचा पिंजरा तसाच राहिला. जाळी बसवणाऱ्यांकडे अख्ख्या गावाची रांग. डास येत होते, जात होते, राहत होते. ‘पू-२, खालची’ची गुंडाळी उलगडली तर ती आकसून चौकटीला अपुरी पडली. विम्याची पॉलिसी मी तेव्हा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. पिंजरा त्यात नव्हता. इथल्या पुष्कळ पॉलिसींत तो नसतो, वेगळे पैसे भरून घालून घ्यावा लागतो. शिवाय वादळाच्या नुकसानीचा पहिला वाटा आपणच उचलायचा असतो, आणि तो बहुधा घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत मोजतात.

तरी माझा कौल अप्पांच्या सुऱ्यालाच. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचं वादळ असेल आणि पिंजरा नव्या नियमांनी बांधलेला असेल तर जाळीला हात लावू नये. तिसरी किंवा त्यावरची श्रेणी असेल आणि डोळा जवळून जाणार असेल, तर आदल्या दिवशी, वारा सुटायच्या आत, जमिनीवर उभं राहून पोहोचेल तेवढं कापावं आणि विसरून जावं. वारा सुटल्यावर शिडी लावणाऱ्याला घरात ओढून आणावं, नवरा असला तरी.

आणि स्क्रू. ते स्टेनलेस स्टीलचे बदलून घ्यायचे असतील तर माणसाला मे महिन्यात बोलवा. जूनपासून तो फोन उचलत नाही.