कसरबाईंना जाहीर आमंत्रण

प्रति,
श्रीमती कसरबाई,
मु. दिवाण, खालचा कप्पा, पांढरकवडा.



खाजगीत सांगून तुम्ही ऐकत नाही, म्हणून जाहीर लिहिते आहे. डांबरगोळ्या झाल्या, कडुलिंबाचा पाला झाला. तुम्ही जागच्या हलला नाहीत. तेव्हा आता माझंच धोरण बदललंय. पिल्लांना घेऊन या आणि पोटभर जेवून जा. (पतंग झाल्यावर तुमच्या जातीला खायला तोंडच धड उरत नाही म्हणे. खातात पिल्लं, नाव आईचं. आमच्यातही तसंच आहे.)

झालं असं, की दिवाळीला पुण्याहून लेक आली. तिनं दिवाण उघडला आणि म्हणाली, "आई, पसारा कमी कर." ह्यांनी लगेच रद्दीवाल्याचा काटा मागवला. लोकर भरली अकरा किलो. हे म्हणाले, "काहून वं, दुकान टाकाचं होतं काय?" मोठ्या माणसाचा स्वेटर साधारण अर्ध्या किलोत होतो, म्हणजे हे बावीस स्वेटर. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि थंडी टिपेश्वरच्या वाघासारखी, आहे म्हणतात पण दिसेलच असं नाही. अशा गावात बावीस!

पण इथल्या घराघरांत कापूस छताला टेकेस्तोवर भरलेला असतो, त्याला कोणी पसारा म्हणत नाही. 'भाव येईल म्हणून ठेवलाय' म्हणतात. माझ्या लोकरीला मात्र हा मान नाही.

लेकीनं ढीग घातले. एकात ठेवायचं, एकात द्यायचं, एकात टाकायचं. संध्याकाळी सगळं पहिल्याच ढिगात होतं. फिक्या पिवळ्याचे चार गुंडे निघाले. लेबलावर शेड तीच, लॉट वेगळा. कमी पडले म्हणून नागपूरला सीताबर्डीवर गेले, तोवर जुना लॉट संपलेला. त्या स्वेटरची एक बाही लिंबू झाली, दुसरी हळद होईल म्हणून बाकीच राहिली. बाळंतविड्यातलं एक टोपडं अजून सुईवरच आहे. ज्याच्यासाठी टाके घातले, तो यंदा दहावीला बसला.

यात खरी लोकर किती हे कळावं, म्हणून शेवटी धाग्यांची टोकं जाळून पाहिली. अस्सल लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. मी बावीस रंग जाळले. बावीस मणी मिळाले.

कसरबाई, तुमची खरी वैरीण डांबरगोळी नव्हेच. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीनं १९५० मध्ये ऑरलॉन नावाचा अ‍ॅक्रिलिक धागा मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली, तेव्हाच तुमच्या घासात माती पडली. लोकरीतलं केराटिन पचवणं फार थोड्या किड्यांना जमतं. तुमच्या पिल्लांना ते जमतं. पण खनिज तेलाचा धागा त्यांनाही पचत नाही, आणि कापसाला घामा-तेलाचा डाग असल्याशिवाय ती सहसा शिवत नाहीत. म्हणजे पांढरकवड्यात तुमची उपासमारच! तरी तुम्ही काही कसर ठेवली नाहीत.

दिवाणात सासऱ्यांचं काळं घोंगडं होतं. रानडुकरांपायी ते शेतात जागलीला जायचे, तेव्हाचं. सगळ्या दिवाणात खरी लोकर तेवढीच, आणि भोकं नेमकी तिलाच. अकरा किलोंना तुम्ही दातही लावला नाही. आवराआवर करायला बोलावलेला माणूस हवी ती वस्तू फेकून नको ती मांडून ठेवतो. पुण्याची असो की दिवाणातली.

चिडून घोंगडं गच्चीवर उन्हात झटकलं. तांदळाच्या दाण्याएवढी एक काळी नळी खाली पडली. तुमच्यातल्या एका जातीची अळी खाता खाता त्याच लोकरीची नळी स्वतःभोवती विणते आणि अंगानं वाढली की नळीही वाढवते. मी चष्मा लावून पाहिली. लॉट एकच, माप बरोबर, एकही टाका गळलेला नाही. आमच्या दिवाणातलं पुरं झालेलं विणकाम तेवढंच.

आपली,
एक बाही बाकी असलेली घरमालकीण